पडद्यामागची सातवी

"तुम्ही हरवलेली माणसं शोधता ना? मग मला एक आवाज शोधून द्या," गाण्याच्या बाई दारातूनच म्हणाल्या आणि खुर्चीत धपकन बसल्या.

वहिनींनी पेन उघडलं. जिन्याखालच्या दीड खोलीत त्यांचं हे खाजगी शोधकाम अकरा वर्षं चालू होतं. सगळे त्यांना वहिनीच म्हणत, कारण त्यांचे दीर दिवसभर तिथे बसून "वहिनी, वहिनी" करत. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हे भाऊजी त्यांचे मदतनीस होते. निदान ते स्वतः तसं सांगत.

"आवाज बसला असेल तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा," भाऊजी म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते छत्रीशी चाळा करू लागले.

"शाळेत संगीत नाटक बसवतेय मी," बाई वहिनींना म्हणाल्या. "मुख्य भूमिका नावाडणीची. मागच्या वर्षी पालकांनी नुसतं डोकं खाल्लं, वशिल्याने मुली घेतल्या म्हणून. म्हणून यंदा मुली पडद्याच्या आत, आम्ही तिघे परीक्षक बाहेर. नाव नाही, चेहरा नाही, नुसता नंबर. एकेकीने रंगमंचावर यायचं, खडूच्या खुणेवर उभं राहून गाणं म्हणायचं आणि जायचं. बाकीच्या व्हरांड्यात. नंबर पुकारायला पडद्याच्या दोरीपाशी माझी मुलगी. तिला मी नाटकात घेतच नाही, उगाच लोकांची तोंडं सुटायला नकोत. सातवी मुलगी अशी गायली, की तिघांनीही पैकीच्या पैकी गुण दिले."

"मग अडलं कुठे?"

"सात नंबरची चिठ्ठी दंतवैद्यांच्या मुलीची. काल तालमीला तिने तोंड उघडलं, आणि अहो, तो आवाजच नव्हे! आता सहा नंबरची, बेकरीवाल्यांची मुलगी म्हणते, सातवी मीच, चिठ्ठ्या बदलल्या. दंतवैद्य म्हणतात, भूमिका काढून घ्या, बघा कशी तक्रार करतो. आणि मुख्याध्यापक म्हणतात, आज शाळा सुटेपर्यंत खरं काय ते सांगा, नाहीतर नाटक रद्द, आणि यापुढे तुम्ही नाटकाच्या वाटेला जायचं नाही." बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "सोळा वर्षं बसवतेय हो मी नाटकं. ते गेलं तर माझ्याकडे राहिलं काय?"

वहिनींनी पेन मिटलं. "चला भाऊजी. छत्री नको. ऊन नाही, पाऊस नाही, कशाला घेता?"

भाऊजींनी तरी छत्री घेतलीच.

शाळेच्या सभागृहात रंगमंचावर जाड निळा पडदा ओढलेला होता. खडूची खूण बरोबर मधोमध. उजव्या टोकाला, पडद्याच्या आत, दोरी बांधायचा खुंट. आणि त्याच टोकाला खाली, रंगमंचाला चिकटून, पियानो. दोरीपाशी बाईंची मुलगी उभी होती. वय वर्षं तेरा, दोन वेण्या, तोंडातून चकार शब्द नाही.

पियानोवाले सर मात्र आधीच तापलेले होते.

"मला काही विचारू नका. तेवीस मुली, तेच गाणं तेवीस वेळा! झोपेतसुद्धा नाव वल्हवतोय मी."

"सातवीचं काही आठवतं?"

"न आठवायला काय झालं! सहावी टाचा आपटत बाहेर गेली, दार धाडकन लागलं. सातवी आली, खुणेवर थांबली. मी सुरुवात वाजवली. ही गप्प! पुन्हा वाजवली, तेव्हा कुठे गायली. बाकीच्यांचं अर्धं गाणं मला त्या पडद्यातून ऐकूच येत नव्हतं. हिचा मात्र शब्द न् शब्द कानाशी. आणि पडदा गाणंभर तालावर हलतोय! खिडक्या बंद, पंखे बंद."

"आणि?"

"एक ओळ चुकली. कागदावर आहे, 'हात दमले जरी माझे, काठ आता जवळ आहे.' ही म्हणाली, 'काठ अजून दूर आहे.' तरी पैकीच्या पैकी! मला इथे विचारतो कोण?"

वहिनी बाईंकडे वळल्या. "तुम्हाला ते खटकलं नाही?"

बाई गोंधळल्या. "नाही बुवा. मी आधी तसंच लिहिलं होतं. मग वाटलं, मुलांच्या तोंडी इतकं रडगाणं कशाला. स्वयंपाकघरातल्या टेबलावरच ती ओळ खोडली. शाळेत आणली ती नवी प्रत."

तेवढ्यात दंतवैद्य मुलीला पुढे घालून आले.

"गाणं तूच म्हटलंस?" वहिनींनी मुलीला विचारलं.

"तिनेच," दंतवैद्य म्हणाले.

"घाबरली होतीस?"

"मुळीच नाही," दंतवैद्य म्हणाले.

"डॉक्टर, तिला जरा तोंड उघडू द्या. तुमचा तर धंदाच तो आहे."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला भूमिका नकोच आहे," ती पुटपुटली. वडिलांनी डोळे वटारले.

वहिनींनी बेकरीवाल्यांच्या मुलीलाही बोलावून घेतलं आणि दोघींना पियानोशिवायच तेच गाणं म्हणायला लावलं. दंतवैद्यांची मुलगी कशीबशी शेवटपर्यंत पोचली. बेकरीवाल्यांची मुलगी मात्र टाचा आपटत पुढे आली आणि ठणठणीत गायली. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या.

"हीच ती! मिटलं. चला घरी."

"काठाबद्दल काय म्हणाली ती?"

"कुठल्या काठाबद्दल?"

वहिनींनी कपाळावर हात मारला. "दोघीही 'जवळ आहे' म्हणाल्या, भाऊजी! कान आहेत की चष्मा अडकवायच्या खुंट्या?"

मग त्यांनी मुख्याध्यापकांना बोलावणं पाठवलं आणि सगळ्यांना समोर बसवलं.

"बेकरीवाल्यांची मुलगी सातवी नाही. सहाव्या नंबरवर गाऊन ती टाचा आपटत बाहेर गेली आणि दार लागलं, हे सरांनी ऐकलंय. सातव्याला दंतवैद्यांची मुलगीच आली. पण सुरुवात दोनदा वाजली तरी तिला सूर सापडेना. मग आवाज आला, आणि तो मधल्या खुणेवरून नाही. सरांना शब्द न् शब्द ऐकू आला, कारण गाणारी उजव्या टोकाला, त्यांच्या डोक्यावरच होती. पडदा वाऱ्याने हलत नव्हता, दोरी मुठीत धरून कोणीतरी ताल देत होतं. राहिली ती ओळ. ती शाळेत कधी आलीच नाही. ज्या टेबलावर ती खोडली गेली, त्या टेबलावर बाईंखेरीज आणखी कोण जेवतं?"

सगळ्यांच्या माना दोरीकडे वळल्या.

"ती रडायला लागली होती," बाईंची मुलगी म्हणाली. "मी नुसतं तिला सुरू करून देणार होते. मग थांबताच येईना."

"मी सांगणार होते," दंतवैद्यांची मुलगी हुंदके देत म्हणाली, "पण बाबांनी तोवर सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं."

दंतवैद्य छताकडे बघू लागले. बेकरीवाल्यांची मुलगी बुटांकडे.

बाई उठून रंगमंचावर गेल्या. "अगं, पण मला... मी तुला ओळखलं कसं नाही?"

"तू कधी ऐकलंयस?" मुलगी म्हणाली. "घरी जरा गुणगुणलं तरी म्हणतेस, दिवसभर गाणी ऐकून कान किटलेत, गप्प बस. टेबलावर पडलेल्या तुझ्या ओळी मी गच्चीत जाऊन म्हणते."

लोकांनी वशिल्याचा ठपका ठेवू नये म्हणून बाईंनी एवढा जाड पडदा लावला होता, आणि पोटची पोर पडद्याच्या बाजूला दोरी धरून उभी होती. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"पण ही तर बाईंची मुलगी!" दंतवैद्य सावरून म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, आईने लेकीला न ओळखता गुण दिले," वहिनी म्हणाल्या. "याहून निःपक्षपाती निवड तुम्हाला दाखवता येते का?"

मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, गुणपत्रिका पाहिली, आणि मान डोलावली. "नाटक होईल," ते म्हणाले.

बाईंनी मुलीच्या हातातून दोरी काढून घेतली. "दोरी मी धरते. तू खुणेवर जा."

"कुठली ओळ म्हणू? जवळ की दूर?"

"तुला हवी ती."

बाईंनी पडदा पूर्ण उघडला. दंतवैद्यांच्या मुलीने डोळे पुसले आणि ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. पियानोवाले सर काहीतरी करवादले आणि चोविसाव्यांदा त्यांनी तेच गाणं सुरू केलं. या वेळी सुरुवात एकदाच वाजवावी लागली.