फोडलेला बुरूज

मी उज्ज्वला. पुढं लिहिलंय ते माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल म्हणावं. आमच्या गावात खऱ्याला तसंही कुणी विचारत नाही.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. धारूरपासून जवळ, बालाघाटाच्या कडेला. गावाला किल्ला आहे. निजामाच्या काळात इथं सात पेठा होत्या म्हणतात. आता फक्त शनिवारचा बाजार उरलाय. बाकी सगळं पुढाऱ्यांच्या भाषणात.

२०२२ चा एप्रिल.

माझे वडील, आप्पा, गवंडी आहेत. गावचे पुढारी हरिओमदादा यांना शेतातल्या बंगल्याला दगडी कमान हवी होती. दगड किल्ल्याचे.

आप्पा म्हणाले, "पडलेले दगड घेतो दादा. उभ्या बुरुजाला हात लावणार न्हाई."

दादांनी जेसीबी लावून उभा बुरूज फोडला.

आणि आप्पांनी निमूटपणे कमान बांधली. माझा पहिला राग आप्पांवरचाच.

शुक्रवारी कमान पूर्ण झाली.

शनिवारी सकाळी तिथं... काहीच नव्हतं.

एक दगड नाही. टायरची खूण नाही. राखणीची दोन कुत्री होती, ती भुंकलीसुद्धा नाहीत.

दादा तडक बाजारात आले. भाजीवाल्यांसमोर, पाहुण्यारावळ्यांसमोर त्यांनी आप्पांच्या कानाखाली मारली.

"कुणाला इकले बे माझे दगड?"

साठीचा माणूस. टोपी खाली पडली. बाजारात शे-दोनशे माणसं होती. एकानंही तोंड उघडलं नाही. टोपी मी उचलली.

आप्पा घरी आले नाहीत. सरळ किल्ल्यावर निघाले. मी मागं.

वर पोचलो आणि पाय थांबले.

बुरूज उभा होता.

फोडलेला बुरूज... जसाच्या तसा. ना चुना, ना सिमेंट. आप्पांनी सांध्यावरून बोट फिरवलं.

"माझ्यानं न्हाई होत असलं काम," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात आतून आवाज आला.

टक... टक... टक...

छिन्नीचा. एक नाही, पंधरा-वीस माणसं दगड घडवत असल्यासारखा.

मी आप्पांचा हात गच्च धरला.

मागून जीप आली. दादा उतरले, सोबत त्यांचा ड्रायव्हर बजरंग. बुरूज बघून दादांचा चेहरा उतरला, पण ड्रायव्हरसमोर माघार कशी घेणार?

"कोण हाय बे आत?"

टक... टक...

"दादा, जाऊ नका," बजरंग म्हणाला.

बुरुजाच्या पायाशी कमरेएवढा चोरदरवाजा आहे. दादा वाकून आत गेले.

आवाज थांबला.



दोन मिनिटं. फार तर तीन...

मग दादा गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. केसांत दगडाची भुकटी. दोन्ही तळव्यांची सालटी निघालेली. नखं झिजून रक्तात गेलेली, वर्षानुवर्षं दगड घडवल्यासारखी.

बजरंगनं त्यांना उचलून जीपमध्ये घातलं.

गावात सांगितलं, दादा घसरून पडले. आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा सत्कार झाला, 'किल्ल्याच्या बुरुजाची दुरुस्ती केल्याबद्दल'. टाळ्या वाजवणारे तेच, बाजारातले.

माझ्या अंगाची आग झाली. दुसऱ्या दिवशी मी एकटी त्यांच्या बंगल्यावर गेले.

दादा ओसरीत बसले होते. हातांना अजून पट्ट्या.

मी म्हटलं, "माझ्या बापाची माफी मागा. भर बाजारात मागा."

ते खालच्या आवाजात म्हणाले,

"तुझ्या बापाला सांग, मी कुणाला काय सांगणार न्हाई."

"काय सांगणार नाही?"

"आत दगड घडवणाऱ्यांचे आप्पाच मुकादम होते. सगळे त्यांचंच ऐकत होते. मी लई रडलो, तवा त्यांनीच मला बाहेर सोडलं."

मी तशीच माघारी फिरले.

त्या दिवशी किल्ल्यावर आप्पा माझ्या शेजारी उभे होते. सगळा वेळ. त्यांचा हात माझ्या हातात होता.

माफी दादांनी आजपर्यंत मागितलेली नाही. राग अजून तसाच आहे.

पण आप्पांना मी हे अजून विचारलेलं नाही... विचारवत नाही.