पार्सल बंद

श्रावणातली सर अचानक आली, आणि नवलाख उंबरे गावातल्या गुरांच्या दवाखान्यात नवीनच आलेला डॉक्टर स्वराज धावत चैतालीच्या पत्र्याखाली शिरला. जवळच्या कंपनीतल्या कामगारांना भाजी-भाकरी बांधून देणारं तिचं छोटं दुकान होतं. त्याला दवाखान्यात न्यायला चहा हवा होता, पण किटली नव्हती. मग तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत चहा ओतला आणि लाल दोऱ्यानं तोंड बांधलं. रबर गरम रश्शानं तुटतं, म्हणून ती दोऱ्याच्या दोन गाठी मारायची. तो त्या बोटांकडे बघत राहिला… मग तिच्याकडे.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. कधी रस्सा, कधी आमटी. डबा मात्र कधीच नाही. ती चिडवायची, तो हसून ‘उद्या आणतो’ म्हणायचा. तिलाही पिशवी सोईची होती – भरा, बांधा, पुढचं गिऱ्हाईक. तरी त्याच्या पिशवीची गाठ मारायला तिला का कोण जाणे, जरा जास्तच वेळ लागायचा.

दिवाळी झाली आणि शेजारच्या सीताराम आबांची गाय फुगली. चारा सोडला, रवंथ थांबला. स्वराजचा मदतनीस रजेवर, म्हणून गरम पाणी घेऊन चैतालीच गोठ्यात गेली. जागा बधिर करून स्वराजनं गाईच्या कुशीत छेद घेतला, हात खांद्यापर्यंत आत घातला, आणि ओढून काढला तो पिशव्यांचा पिळा. मग दुसरा. मग तिसरा…

चैतालीच्या हातातलं पातेलं कलंडलं. त्या बरबटलेल्या पिशव्यांवर लाल दोरा होता. दोन गाठी. गावात तशी गाठ दुसरं कुणीच मारत नव्हतं.

"ही तर दवाखान्यामागंच चरती वो, डॉक्टर," आबा म्हणाले. "तितं कुटनं आलं एवढं?"

स्वराज पांढराफटक पडला. दवाखान्यामागच्या उकिरड्यावर रोजची रिकामी पिशवी तोच तर टाकत होता.

गाय वाचली. टाके घालून झाल्यावर दोघं नळापाशी हात धूत होते. कोपरापर्यंत साबण. मग तो खाली बघत म्हणाला, "माझ्याकडे डबे आहेत. आईनं तीन दिलेत. पण डबा पटकन भरला असता तुम्ही… पिशवी बांधायला वेळ लागतो."

तिला कळायला एक क्षण लागला. कळलं तसं अंगावर काटा आला – आनंदाचा की रागाचा, तेही समजेना.

"हे आधी सांगता आलं नसतं?"

"सांगण्यापेक्षा पिशवी मागणं सोपं होतं."

ती पातेलं उचलून निघून आली.

त्याच संध्याकाळी तिनं पिशव्यांचा गठ्ठा दुकानातून काढला. डबा आणा, नाहीतर इथंच थाळीत जेवा, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. कामगार कुरकुरले. निम्मे पुढच्या टपरीवर गेले, तिथं पिशवी मिळत होती. उरलेल्यांची रांग धुवायच्या थाळ्यांपायी रेंगाळू लागली. तिची आई काळजीत पडली. आणि स्वराज… तो फिरकलाच नाही. पिशवी बंद झाली तसं याचं येणंही संपलं, असं वाटून चैताली मनातल्या मनात खचली.

मग एका भर दुपारी तो आला. रांग ओलांडून थेट पुढं, हात रिकामे.

"पार्सल बंद आहे," ती वर न बघता म्हणाली.

"पार्सल नकोय. तुमच्या घरी मागणी घालायला कधी येऊ, ते विचारायला आलोय."

पळी हवेतच राहिली. रांगेतलं बोलणं थांबलं. तिचे कान तापले. एवढ्या माणसांसमोर… आणि या भित्र्या माणसानं?

"रांगेत या," ती कशीबशी म्हणाली.

तो मुकाट्यानं मागं जाऊन उभा राहिला. पुढचे एकेक करून वाढून घेत बाजूला झाले, पण गेलं कुणीच नाही. तिनं रश्शात दोनदा मीठ टाकलं. त्याचा नंबर आला, तेव्हा कुठं तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"रविवारी या," ती हळूच म्हणाली. "तुमच्या आईंना घेऊन."