विचारलं असतं तर सांगितलं असतं

त्याचं दार चुकलं, एवढंच खरं तर झालं होतं.

समोरच्या वहिनींनी शिवणयंत्राच्या दुरुस्तीसाठी त्याला बोलावलं होतं, आणि तिसऱ्या मजल्यावर डावीकडे वळायच्या ऐवजी तो उजवीकडे वळला. दार धाकटीनं उघडलं. थोरली लग्न होऊन गेली होती, घरात आता ही आणि आई दोघीच. तरी तिचं नाव धाकटीच राहिलं होतं. तिनं समोरचं दार दाखवलं. तो वळला... आणि दोन पावलांवरून परत आला.

"आत्ता मशीन तुम्हीच चालवत होता ना? जिन्यात ऐकू येत होतं. दमा लागलाय त्याला. तेल कधी दिलं होतं?"

तिला आठवत नव्हतं, आणि तिनं तसंच सांगितलं. दुसरं काही सांगायची तिला सोयच नव्हती. सातवीत असताना ती बाबांच्या चष्म्यावर बसली होती आणि आळ मांजरावर घातला होता. मांजर दिवसभर दाराबाहेर बसून ओरडत राहिलं. त्या संध्याकाळपासून तिनं नेम धरला, तो बाबा गेल्यावरही सुटला नाही. रोज सकाळी देवापुढे हात जोडून एकच मागणं: आजच्या दिवसात तोंडून खोटं जाऊ देऊ नको.

वहिनींचं काम आटोपून तो इकडे आला, तो तासभर बसला. मशीनची डावी बाजू उघडून त्यानं तिला आतली सगळी दुनिया दाखवली. हा आतला स्क्रू सुईची उंची धरून ठेवतो, हा सैल झाला की टाके सुटतात; बाकी कशालाही हात लावा, याला मात्र नको, असं त्यानं बजावून सांगितलं. आईनं चहा दिला, आणि चहाबरोबर, नको नको म्हणत असताना, मांजराची गोष्टही दिली. तो इतका हसला की कप बशीवर वाजला.

तो गेल्यावर मशीनखाली एक करडं बटण सापडलं. त्याच्या बाहीचं. तिनं ते बटणांच्या डब्यात टाकलं. पुढे पट्टा बदलायला तो दोनदा आला तेव्हाही त्याची ती बाही दुमडलेलीच होती. त्यानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं... पण त्यानं विचारलंच नाही. आणि न विचारलेलं न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. हो ना?

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. आईला तो काकू म्हणायचा, समोरच्यांना वहिनी, खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीलासुद्धा ताई. तिला मात्र काहीच नाही. तिच्याशी बोलायचं झालं की आधी नुसता खाकरायचा.

गुरुवारी वहिनींनी बातमी आणली. त्याला परगावच्या कपड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. सोमवारी निघणार, घरोघरची कामं आता दुसरा कुणी बघेल.

शुक्रवारी दुपारी आईचा डोळा लागल्यावर धाकटीनं कात्रीच्या टोकानं मशीनचं झाकण उघडलं.

संध्याकाळी ती आईला एवढंच म्हणाली, "मशीन टाके सोडतंय." ते अक्षरशः खरं होतं. आईनं फोन लावला. रविवारी दुपारी येतो, म्हणाला.

रविवार उजाडला तो इतर कुठल्याही रविवारसारखाच. दुपारपर्यंत कुणी येणार नव्हतं, कुठं जायचं नव्हतं. धाकटीनं न्हाऊन खिडकीत केस वाळवले. दोरीवरच्या चादरी काढल्या आणि घडी घालण्याआधी, रोजच्यासारखंच, त्यांत तोंड खुपसून उन्हाचा वास घेतला. मग मन रमेना म्हणून बटणांचा डबा पलंगावर पालथा केला. थोरलीच्या शाळेच्या गणवेशाचं निळं बटण. बाबांच्या स्वेटरचं तपकिरी. विचारात असले की ते चावायचे, त्याला दातांच्या खुणा होत्या. आईच्या एका झग्याची सहा, मोत्यांसारखी. झगा कधीच विरला, बटणं राहिली. एकेक हातात घ्यावं आणि एकेक माणूस येऊन शेजारी बसावा, तसं झालं.

शेवटी करडं. त्यात दोन दोरे अजून अडकलेले होते.

"झाडलोट झाली, केस झाले, आता बटणं," आई आडवी होता होता म्हणाली. "मशीनच बघायला येतोय ना तो?"

धाकटीनं उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं नेमात बसत होतं.

तो आला. मशीनपुढे बसला, कापडाचा तुकडा घालून चार टाके घातले, आणि थांबला. मग स्क्रूड्रायव्हर काढून झाकण उघडलं. आत पाहिलं. झाकण उलटंसुलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं. कडेला कात्रीचे ओरखडे स्वच्छ दिसत होते.

स्क्रू आवळायला त्याला क्षणभर लागला. नंतर बराच वेळ तो फडक्यानं नुसतीच बोटं पुसत राहिला.

मग खाकरला.

"हा स्क्रू आपणहून सैल होत नाही. आधी झाकण काढावं लागतं."

ती उभी होती. डबा पोटाशी धरून.

"मांजर असेल," तो हळूच म्हणाला. खाली मान घालून म्हणाला, तिला सुटायला वाट ठेवून. "घरात मांजर असलं की होतं असं. नाही का?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तो हसला असता, पिशवी उचलली असती, आणि सोमवारी गेला असता.

"मांजर जाऊन नऊ वर्षं झाली," ती म्हणाली. "मी उघडलं."

"का?"

"तुम्ही उद्या जाताय... म्हणून."

तिनं डबा उघडला, आणि आज पहिल्यांदाच कुणी न विचारता सांगितलं, "आणि हे तुमचं बटण. पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे."

त्यानं तळहातावरच्या त्या बटणाकडे पाहिलं. दुमडलेली बाही सावकाश उलगडली. तिथं तसेच दोन दोरे लोंबत होते.

"घरी दुसरं होतं," तो म्हणाला, "पण लावलं नाही. वाटलं... कधीतरी तुम्ही विचाराल."

आता मात्र तिला हसू आलं. सुईत दोरा ओवायला तीन खेपा लागल्या. तो हात पुढे करून बसला, आणि ती बटण शिवता शिवता, वर न बघता म्हणाली, "सगळ्यांना काही ना काही म्हणता. मला काहीच का म्हणत नाही?"

"ताई म्हणायला जीभ वळेना," तो म्हणाला. "आणि दुसरं काही म्हणायचा अजून... हक्क नव्हता."

तिनं गाठ मारली. दोरा दातांनी तोडायला वाकावं लागलं असतं. तिनं कात्री घेतली. कान तापले ते तापलेच.

"जायला तर हवं. काम चांगलं आहे," तो म्हणाला. "पण रविवारी सुट्टी असते. दोन तासांचा रस्ता. मशीन... दर रविवारी बिघडेल का?"

तिनं विचार केला. खरं काय ते बघितलं.

"नाही बिघडणार," ती म्हणाली. "तरी या."

तेवढ्यात आतून पलंग करकरला आणि आईचा आवाज आला. "काय झालं होतं गं मशीनला?"

त्यानं घाबरून तिच्याकडे पाहिलं. तोंडाशी त्याच्या उत्तर आलं होतं, तेलाचं की धुळीचं काहीतरी; तिनं नुसत्या बोटानं त्याला गप्प केलं. मग डब्याचं झाकण लावलं, ओढणी सारखी केली.

"बाहेर ये, आई," ती म्हणाली. "सांगायचंय."