रिकाम्या हौदातली हाक

हे मी रचून सांगत नाही. माझ्या थोरल्या मामाच्या बाबतीत, भर दुपारी, पन्नास माणसांच्या देखत घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

मामा जुन्या जलमार्गावर दरवाजे सांभाळायचा. नदी जिथे एकदम खाली उतरते, तिथे एक खोल दगडी हौद. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, झडप उघडून पाणी भरायचं, की बोट अलगद वर.

हौद रिकामा असला की माणसं गाळ काढायला आत उतरत. म्हणून झडप उघडण्याआधी तीन हाका मारायच्या, असा नियम.

एकदा मामाने मारल्या नाहीत. भूक लागली होती, एवढंच.

गाळ काढणारा आतच राहिला.

चौकशीत मामा म्हणाला, "मी हाका मारल्या. तो प्यायलेला होता." सगळ्यांना पटलं. पुढे बोटी बंद पडल्या, हौदात झुडपं माजली, मामाचं पाप झाकलं गेलं.

चाळीस वर्षांनी जलमार्ग पुन्हा सुरू करायचं ठरलं. गाळ उपसला, नवे दरवाजे बसले. पहिलं पाणी सोडायचा मान कुणाला? मामाला!

मामा झडपेच्या चाकापाशी उभा राहिला. या वेळी त्याने हाका मारल्या.

पहिली... शांतता.

दुसरी... शांतता.

तिसरी...

"थांब. मी आत आहे."

मामा चाक सोडून ओरडला, "आत माणूस आहे!" बाकी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. तरी कामावरच्या इंजिनिअरने शिडीने उतरून कानाकोपरा पाहिला. चिटपाखरू नाही.

"मामा, ऊन लागलंय तुम्हाला," म्हणत वर येऊन त्याने स्वतःच चाक फिरवलं.

पाणी चढलं. टाळ्या वाजल्या. मामाला मात्र आतून दगडावर नखं घासल्याचा आवाज येत होता... पाणी काठाला लागेपर्यंत.

तसाच तो गाळ काढणाऱ्याच्या बायकोकडे गेला. उंबऱ्यावरच म्हणाला, "वहिनी, मी खोटं बोललो. तो प्यायला नव्हता. मी हाकच मारली नाही."

वहिनी म्हणाली,

"भावोजी, हे रोज दुपारी येतात. दार वाजवतात. म्हणतात, मी प्यायलो नव्हतो गं, आत घे."

"मग?"

"मग काय? तुम्ही शपथेवर सांगितलं होतं. मी एकदाही दार उघडलं नाही."

त्या दिवसापासून तिचं दार सताड उघडं असतं. चार महिने झाले... कुणी येत नाही.

मामा रोज विचारायला जातो. ती नुसती नकारार्थी मान हलवते.