अंगठ्याची खोबण

तुम्ही एका बाईला खोटारडी ठरवलंत. खुर्चीत बसून, कागदावर शिक्का मारून, तिचं एक अक्षरही न ऐकता. वर तिचा डोंगर सुरुंगवाल्यांच्या हवाली केलात. ही गोष्ट तुमच्याच खात्याची आहे. कान उघडे ठेवा.

ती बाई ताईकडे आली तेव्हा दुपार पेंगत होती. ताई खासगी तपास करायची आणि तिचा धाकटा भाऊ, भावड्या, तिच्यासोबत हिंडायचा. "तिच्या डोक्याला पाय आहेत, माझ्या पायांना डोकं नाही," असं तो स्वतःच म्हणायचा.

"डोंगरातल्या गुहेत खोदताना मला दगडी खरवडणी सापडली," बाई डाव्या अंगठ्याखालचा भाजल्याचा जुना डाग चोळत म्हणाली. "कातडं साफ करायचं हत्यार. हजारो वर्षांपूर्वी तिथं माणसं नुसती टेकली नव्हती, घर करून राहिली होती, हे त्या एका दगडावरून मी भाषणात दाखवणार होते. त्याआधीच दगड तपासणारे परीक्षक म्हणाले, दगड बनावट. कडा ताज्या फोडलेल्या."

"तुम्हाला दाखवला?"

"छे! संग्रहालयाच्या पोस्टरवरच्या दगडाशी तंतोतंत जुळतो, म्हणजे तुमचाच, असं संचालकांनी ऐकवलं. अहो, माझ्या दगडाच्या धारेवर कातडं घासून आलेली झिलई होती. संग्रहालयाच्या पेटीतून कुणीतरी तो बदललाय. सोमवारी सुरुंग लागणार. डोंगर गेल्यावर मी खरी ठरले काय नि खोटी ठरले काय."

"पेटीपर्यंत कोणाकोणाचा हात पोचतो?"

"तिघांचा. कोठीवाला, चित्रकार आणि खुद्द संचालक."

संग्रहालयाच्या दालनात उन्हाच्या तिरिपेत धूळ माशांसारखी पोहत होती. समोर भिंतभर पोस्टर: एक मूठ, मुठीत दगड. भावड्या बराच वेळ बघत राहिला. दगड जणू श्वास घेत होता. "ताई, हा त्या बाईंचाच हात. तोच डाग बघ, उजव्या अंगठ्याखाली."

"हं," ताई म्हणाली. तिचं "हं" म्हणजे पाल चुकचुकली.

चित्रकार कागदावर हाडं रेखाटत होता.

"डोळे मिटा," ताई म्हणाली. "दगड हातात आहे असं समजा. कातडं खरवडून दाखवा."

"ही काय नाटकाची तालीम आहे?" असं म्हणत त्यानं डोळे मिटले. उजव्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. दुसरा हात टेबलावर मागेपुढे, मागेपुढे सरकू लागला. त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला, जणू समोर शेकोटी पेटली होती.

"दगड अगदी पोस्टरसारखाच होता ना?"

"पोस्टरचं नाव काढू नका. छापणाऱ्यांनी वाट लावलीय माझ्या चित्राची."

कोठीवाल्यानंही डोळे मिटले, किल्ल्यांचा जुडगा उजव्या हातात घेतला आणि डावी मूठ वळवली. "मीच कापसात गुंडाळून सुतळीची दुहेरी गाठ मारायचो, ताई. तान्ह्या बाळासारखा होता तो."

संचालक मात्र खुशीत आले. त्यांच्या खुर्चीमागेही तेच पोस्टर होतं. डोळे मिटून त्यांनी उजवा हात हवेत फिरवला. "हजारदा हाताळलाय मी तो दगड. स्वप्नातही दिसतो मला."

टेबलावरच्या पेटीतला बनावट दगड भावड्यानं सवयीनं डाव्या हातात उचलला आणि लगेच ठेवला. "बोचतो गं. माझ्या हाताला मेली कात्रीसुद्धा धड बसत नाही."

ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला होता. मग तिनं बाईंना आणि बाकी दोघांना आत बोलावलं.

"बाई, डावा हात पुढे करा. डाग इथं आहे. आता पोस्टर बघा. डाग उजव्या हातावर! चित्र उलटं छापलंय, आरशात दिसावं तसं. खरा दगड डाव्या हाताचा होता. म्हणून भावड्याला हा बनावट बोचला. हा उजव्याचा आहे. पोस्टरवरून केलेला, म्हणूनच पोस्टरशी तंतोतंत जुळतो."

"यावरून चोर कसा ठरतो?" संचालक गुरगुरले.

"डोळे मिटून ठरला. चित्रकाराचा डावा हात चालला. कोठीवाल्यानं किल्ल्या उजवीकडे घेतल्या. हात विसरत नाहीत. खरा दगड धरलेला माणूस असला उलटा नमुना करूनच घेणार नाही. तुम्ही उजवा फिरवलात, साहेब. हजारदा हाताळला म्हणता? एकदाही नाही. चोरतानासुद्धा कापूस सोडला नाहीत."

संचालकांचा हात नकळत टेबलाच्या खणावर पडला. ताई तिथंच बघत होती.

"डोंगराचं वरूनच ठरलं होतं," ते पुटपुटले. "दगड खरा राहिला असता तर डोंगराला हात लावता आला नसता."

खणातून कापसाचं पुडकं निघालं. "गाठ माझीच," कोठीवाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

बाईंनी गाठ सोडली. धारेवर मंद झिलई होती, पाण्याखाली चांदणं दिसावं तशी. बाईंनी दगड भावड्यापुढे धरला. त्याच्या डाव्या मुठीत दोन बोटं बाहेरच राहिली, पण अंगठा खोबणीत अलगद उतरला.

"घाव घालणारा माणूस उजव्या हाताचा होता, खुणा तसं सांगतात," बाई म्हणाल्या. "पण खोबण आहे लहान डाव्या हाताची. कुणीतरी दुसऱ्यासाठी बसून, मापानं हे घडवलं. झिजल्यावर धार पुन्हा लावून दिली. वाटसरू कशाला हे करील? हे घरातलं काम आहे."

शाळेत याच डाव्या हातावर छड्या बसल्या होत्या. भावड्याला क्षणभर धूर, ओलं कातडं, आणि कुणीतरी आपला पंजा हातात घेऊन मापतंय असं वाटलं. त्याला दगड खाली ठेववेना.

तर साहेबलोक, लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माणसांनी एका पोराचा हात नीट पाहिला आणि त्याच्याजोगं हत्यार केलं. तुम्हाला बाईचा हात भिंतभर छापूनही दिसला नाही. दगड परत मिळाला, संचालक कबूल झाले, तरी डोंगराच्या पायथ्याशी सुरुंगवाले अजून बसून आहेत, कारण तुमचा शिक्का रद्द झालेला नाही. सोमवार उजाडायचा आहे.

तो शिक्का कधी रद्द करताय? बोला.