एका गुणाची हार

"अरे ए शेळपट माणसा! ओरड की जरा पोरांवर! देवळातल्या खांबासारखा उभा काय राहिलायस?"

बाकावर चढून, अगदी बेंबीच्या देठापासून अनुया ओरडली. मराठीत ओरडत होती, म्हणून तर एवढी बिनधास्त! इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतल्या युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये तिचं मराठी कळणार होतं कुणाला? शेजारी तिची फ्लॅटमेट नताली बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा बडवत होती, आणि मागच्या रांगांमधली पोरं त्या तालावर गर्जत होती — "कोच आउट! कोच आउट!"

ही घोषणाही मूळ अनुयाचीच. नोव्हेंबरातल्या एका लाजिरवाण्या पराभवानंतर तिच्या तोंडून ती निघाली, आणि बघता बघता अख्ख्या हॉलची झाली.

खाली कोर्टाच्या कडेला कोच कालेब हाताची घडी घालून उभा होता. उंच, सावळा, कुरळ्या केसांचा, अंगात राखाडी हुडी. त्याच्या डोळ्यांदेखत समोरच्या टीमने आणखी एक बास्केट मारली, बझर वाजला, आणि त्या बुधवारची हार पक्की झाली. तरी हा पठ्ठ्या प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर थाप मारत होता! जणू कप जिंकून आले होते सगळे.

अनुयाचा अगदी तिळपापड झाला. सांगलीहून ती इथे गाड्यांच्या इंजिनिअरिंगचं मास्टर्स करायला आली, तेव्हा तिला इथे ओळखणारं कुणीसुद्धा नव्हतं. एका उदास दुपारी या हॉलवरून जाताना आतून चेंडू आपटल्याचा आवाज आला — धप्, धप्, धप्... आणि तिचे पाय आपोआप आत वळले. सांगलीत कॉलेजात असताना ती स्वतः बास्केटबॉल टीमची कॅप्टन होती. त्या दिवसापासून ही टीम तिची झाली. म्हणून तर एवढा राग यायचा. परक्यांवर कुणी इतकं रागावतं का?

बाहेर भुरभुर पाऊस आणि बोचरा वारा. नताली लायब्ररीकडे पळाली आणि अनुया एकटीच बसस्टॉपच्या आडोशाला उभी राहिली. तेवढ्यात मागून आवाज आला —

"खांब मी समजला. पण शेळपट म्हणजे काय?"

ती गर्रकन वळली. राखाडी हुडी! पावसाने कपाळाला चिकटलेल्या बटा, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"तुला... तुम्हाला... मराठी येतं?"

"तू म्हण ना. मी थोडा थोडा बोलते. माझा आजी मुंबईची. रेचल आजी. आम्ही ज्यू, बेने इस्राएल. घरी ती मराठीच बोलायची."

"माझी आजी," अनुयाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"तुझी कशी?" तो गंभीरपणे म्हणाला. "माझा आहे."

ती हसू दाबायला गेली आणि फसली. चांगली खळखळून हसली. मग जीभ चावून म्हणाली, "शेळपट म्हणजे... फार सज्जन."

"खोटा."

"खोटं," तिने सुधारलं, आणि कान लालेलाल झाल्याचं तिचं तिलाच जाणवलं.

बस आली. ती चढणार तोच तो म्हणाला, "तुला खेळ कळतो. तू बरोबर वेळेला ओरडते, मी बघितला आहे. मंगळवारी प्रॅक्टिसला ये. खांबाला शिकव."

जायचं नाही असं अनुयाने पक्कं ठरवलं. आणि मंगळवारी सर्वांत आधी हॉलच्या दाराशी तीच उभी होती.

तिथे तिला वेगळाच कालेब दिसला. तो ओरडत नव्हता, पण गप्पही नव्हता. एकेका पोराला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून हळू बोलायचा. इंजिनिअरिंगची पीएचडी सांभाळून, एक पैसा न घेता हा उद्योग करायचा. अनुयाने पासिंगची एक जुनी, सांगलीतली युक्ती सुचवली, तर त्याने सरळ चेंडू तिच्याकडे फेकला. "दाखव." तिने दाखवली. चेंडू परत देताना बोटांना बोटं लागली... दोघांनीही चेंडू सोडला, आणि तो गडगडत पार भिंतीपर्यंत गेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मग मंगळवार हा तिचा आठवड्यातला सर्वांत लाडका वार झाला. प्रॅक्टिस संपली की दोघं चालत निघायची. युद्धात छप्पर गेलेल्या जुन्या कॅथेड्रलच्या उघड्या भिंतींजवळून, कागदी कपातला चहा फुंकत, पुढच्या सामन्यावर कडाकडा भांडत.

"तू ओरडत का नाहीस रे?" एकदा तिने विचारलं.

"माझ्या शाळेत कोच ओरडायचा," तो म्हणाला. "आता मला फक्त त्याचा आवाज आठवतो. बास्केटबॉल नाही आठवत."

अनुया डोळे मोठे करून म्हणाली, "आणि माझा आवाज?"

"तुझा आवाज लंडनला, पिनरपर्यंत जातो. माझ्या ममला घरात ऐकायला येत असेल." तो थांबला. चहाच्या कपाकडे बघत हळूच म्हणाला, "पण... मला आवडतो."

त्या रात्री नतालीने विचारलं, एकटीच काय हसतेस? अनुयाने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

पण टीम हरतच राहिली. थोड्या फरकाने, झुंजून, तरी हरतच. आणि मग भर सीझनमध्ये कालेबने कुशलला बेंचवर बसवलं. कुशल म्हणजे लेस्टरचा गुजराती पोरगा, टीममधला सर्वांत पक्का नेमबाज. सामना चालू, टीम मागे, आणि कुशल मात्र टॉवेल पांघरून मान खाली घालून बसलेला! प्रेक्षक खवळले. "कोच आउट"चे बॅनर लागले. अनुयाने ती घोषणा देणं केव्हाच सोडलं होतं, पण पेटवलेली आग आता तिच्या हातात राहिली नव्हती.

"का बसवलंस त्याला?" तिने कॉरिडॉरमध्येच त्याला गाठलं.

"माझा निर्णय आहे."

"कारण असेल ना काहीतरी?"

"आहे. सांगू शकत नाही."

"मलाही नाही?"

कालेबने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत थकवा होता... आणि काहीतरी फार मऊ. "तुला पण नाही, अनुया."

इतक्या गप्पा, इतका चहा, आणि विश्वास मात्र एवढाच? "बरं," ती म्हणाली. "मग मी तरी इथे कशाला येऊ?" आणि तरातरा निघून गेली. तो मागून हाक मारेल असं वाटलं होतं. त्याने मारली नाही.

पुढचा मंगळवार कोरडा गेला. त्यानंतरचाही. शेवटच्या सामन्याची हवा मात्र तापत होती. हरलो तर टीम खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार. आणि सामना संपताच क्लबची कमिटी कोचचा फैसला करणार, हे अध्यक्षबाईंनी जाहीर करून टाकलं होतं.

आदल्या दिवशी कँटीनमध्ये अनुया जेवत असताना समोरची खुर्ची ओढून कुणीतरी बसलं. कुशल! हातातला काटा उगाचच फिरवत तो इंग्लिशमध्ये अडखळत बोलू लागला.

"कोचने मला बसवलं नाही. मीच सांगितलं होतं त्याला... मॅचच्या आधी मला श्वासच घेता येत नाही. छाती आवळते, हात थरथरतात. सध्या उपचार चालू आहेत. मी म्हटलं, प्लीज कुणाला सांगू नका. तो म्हणाला, ठीक आहे, मी म्हणेन की मीच तुला बसवलं." कुशलने मान वर केली. "सगळा हॉल त्याला शिव्या घालतो, आणि तो माझ्याकडे बघून डोळा मिचकावतो. आता नाही सहन होत मला."

अनुयाच्या ताटातलं गार होऊन गेलं. वेडा! अख्ख्या युनिव्हर्सिटीचा राग अंगावर घेऊन हा माणूस घडी घातलेल्या हातांनी उभा होता. आणि मी... मी त्याला विश्वासाच्या गोष्टी सांगत होते!

बुधवारी हॉलमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती. अर्धे लोक तर कोचची गच्छंती बघायलाच आले होते. सामना सुरू होताच आपली टीम मागे पडली, आणि मागून घोषणा उसळली — "कोच आउट! कोच आउट!"

अनुया बाकावर चढली. कुशलचं गुपित फोडायचं नव्हतं. पण गप्प तरी कसं बसायचं? तिने नतालीच्या हातातला डबा हिसकावला आणि एकटीच सुरू झाली — "कमॉन, कालेब! कमॉन, कालेब!"

लोक हसले. "अगं, ही तुझीच घोषणा ना?" कुणीतरी ओरडलं.

"होती!" ती गरजली. "ज्यांना त्याला घालवायचंय ना, त्यांनी मॅच संपल्यावर घालवावं. आत्ता टीम खेळतेय!"

नताली तिच्या शेजारी उभी राहिली. मग आणखी एक. मग एक अख्खी रांग. खाली कालेबने वळून वर पाहिलं. इतक्या गर्दीत त्याची नजर नेमकी तिच्यावर थांबली, आणि अनुयाच्या हातातला डबा क्षणभर ताल चुकला.

शेवटचं क्वार्टर सुरू होताना बेंचवर हालचाल झाली. कुशलने टॉवेल बाजूला ठेवला आणि कालेबच्या कानात काहीतरी म्हणाला. कालेबने त्याचे दोन्ही खांदे धरले. दोघांनी मिळून एक लांब श्वास घेतला. आणि कुशल कोर्टावर आला!

मग काय झालं ते अनुयाला नंतर धड सांगताही येईना. कुशलचा लांबून मारलेला पहिला शॉट जाळीत अलगद उतरला. मग दुसरा. सांगलीची ती युक्ती वापरून पोरांनी चेंडू पळवला, फरक घटत गेला, हॉलचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. शेवटच्या क्षणी कुशलने उडी मारली. चेंडू रिंगवर नाचला, एकदा... दोनदा... आणि बाहेर पडला.

बझर वाजला. एका गुणाने हार.

पण कुणी गेलं नाही. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. अनुया रडत होती, हसत होती, नतालीला मिठ्या मारत होती.

कमिटीची मंडळी कोर्टावर आली, तसा कुशल त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने स्वतःच सारं सांगितलं. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "खालच्या डिव्हिजनमध्ये खेळू," शेवटी तो म्हणाला, "पण याच्याच हाताखाली." बाकीची पोरं त्याच्या मागे येऊन उभी राहिली. अध्यक्षबाईंनी एकदा पोरांकडे पाहिलं, एकदा प्रेक्षकांकडे, आणि कालेबचा हात हातात घेतला. "पुढच्या सीझनला भेटू, कोच."

हॉल हळूहळू रिकामा झाला. कालेब चेंडू गोळा करत होता. अनुया खाली उतरली आणि चेंडू उचलून त्याच्या जाळीच्या पिशवीत टाकू लागली.

"सॉरी," ती म्हणाली.

"मी पण. मला सांगायचं होतं तुला. रोज सांगायचं होतं. पण..."

"नाही सांगितलंस तेच बरं केलंस. म्हणून तर..." ती अडखळली.

"म्हणून तर काय?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पिनरहून त्याची आई. "हरलो, मम!" तो इतक्या आनंदाने ओरडला की पलीकडे बिचारी गोंधळलीच असणार. अनुया खळखळून हसली. मग ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला. फोनवर हात ठेवून त्याने अनुयाकडे पाहिलं.

"ती विचारते, हसतंय कोण तुझ्याजवळ? काय सांगू?"

अनुयाचं काळीज लक्कन हललं. "खरं असेल ते सांग."

कालेबने एक श्वास घेतला. आणि तिच्या डोळ्यांतून नजर न काढता, फोनमध्ये इंग्लिशमधून एका दमात सांगून टाकलं — जिच्यावर माझं प्रेम आहे ना मम, ती.

पलीकडून इतक्या मोठ्याने प्रश्न आला की अनुयालाही स्पष्ट ऐकू आला. "आणि तिला हे माहीत आहे का?"

अनुयाने पुढे होऊन त्याचा फोन धरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि फोनजवळ तोंड नेलं.

"आत्ता कळलं, काकू," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "आणि माझंही आहे."

पिनरमधल्या त्या स्वयंपाकघरात काहीतरी खणकन खाली पडल्याचा आवाज आला, आणि मग आईने घरातल्या सगळ्यांना मारलेल्या हाका. इकडे मात्र ते ऐकायला कुणी नव्हतं. चेंडूंची पिशवी केव्हाच हातातून सुटली होती, आणि कोर्टभर गडगडत जाणाऱ्या चेंडूंच्या मधोमध, हरलेल्या टीमचा कोच आणि त्याची सर्वांत मोठी टीकाकार एकमेकांच्या मिठीत उभी होती.