सुकाणू इंद्रजीतचं, दोर माझा

पहिल्याच भेटीत मुलीला वजन विचारणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

"पन्नास-पंचावन्न असेल ना?" खडकवासला धरणाच्या काठावर, हातात ओला दोर घेऊन तो विचारत होता.

"अहो, मी इतिहास लिहायला आलेय. तोलायला भाजी आहे का मी?"

आमच्या कसबा पेठेत याहून कमी कारणावरून भांडणं होतात. पण हा नुसता हसला. त्याच्या शिडाच्या बोटीला तोल सांभाळायला दोन माणसं लागायची, जोडीदार तापानं आडवा झाला होता आणि शर्यत सुरू व्हायला आली होती. "फक्त बसायचं हाय हो. मी सांगेन तेव्हा दोर ओढायचा."

तिथल्या शिडाच्या बोटींच्या क्लबच्या पंचाहत्तरीची स्मरणिका लिहायचं काम माझ्याकडे होतं. म्हटलं, बघू तरी बसून. नखशिखांत भिजले... आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले. आईला सांगितलं, स्मरणिकेसाठी.

त्याचं नाव इंद्रजीत, माझं कादंबरी. तो पुण्याजवळच्या मांजरी गावचा, घरचा ऊस.

"उसातून तुम्ही थेट बोटीत?"

"उसाला पाणी सोडून सोडून कंटाळलो, म्हटलं आपणच पाण्यात जाऊ."

वारा पडला की बोट जागच्या जागी डुलत राहायची, आणि मी त्याला क्लबची गोष्ट सांगायची. आधी क्लब गोऱ्या साहेबांचा. ते गेल्यावर पुण्यातल्या काही डॉक्टर-प्राध्यापकांनी त्यांच्या गळक्या बोटी घेतल्या, धोतराचा काचा मारून शिडं चढवली. बायकांनी मात्र काठावर बसून चहा करायचा. शेवटी मंदाकिनीबाई नावाच्या एका शिक्षिकेनं नवऱ्याला सांगितलं, "आज चहा तुम्ही करा," आणि बोट घेऊन गेल्या.

"जिंकल्या?"

"छे, उलटल्या! पण नंतर दर रविवारी गेल्या."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी उगाच दोराची गाठ तपासली. कान तापले होते माझे.

क्लबची एक जुनी शिस्त आहे. बोट वळताना शिडाची आडवी दांडी डोक्यावरून सपकन फिरते. म्हणून सुकाणू धरणाऱ्यानं आधी "तयार?" विचारायचं, आणि जोडीदार "तयार" म्हणेपर्यंत सुकाणूला हात लावायचा नाही.

जानेवारीत स्मरणिका छापायला गेली. त्या रविवारी तळ्याच्या मध्यावर इंद्रजीत म्हणाला, "गोव्याला शिडाच्या बोटी शिकवायची नोकरी मिळतेय. उद्या हो म्हणून कळवतो. तुमचंही काम संपलंच की आता."

"अभिनंदन," मी म्हणाले.

पलीकडचा काठ जवळ आला.

"तयार?"

मी गप्प. आता वळलो की क्लब, चहा, आणि मग हा गोव्याला.

"तयार?... कादंबरी, अहो, चिखल हाय पुढं!"

मी तोंड उघडलं नाही. आणि त्या शहाण्यानं सुकाणू हलवलं नाही! बोट सरळ जाऊन चिखलात रुतली.

"बोलला का नाहीत?"

"तुम्ही वळवली का नाही?"

"तुम्हाला न विचारता कशी वळवणार?"

"मग गोव्याचं कुणाला विचारलंत?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला रडू येत होतं आणि रागही. अहो-जाहो गेलं उडत. "मला आवडतोस तू. कळत नाही तुला?"

"कळत होतं गं... वाटायचं, स्मरणिका झाली की तू येणार नाहीस. म्हणून आधीच निघालो." मग हळूच म्हणाला, "नाही म्हणून कळवू का त्यांना?"

फार मोह झाला. "नको. जा. पावसात तिकडे बोटी बंद असतात ना? तेव्हा ये, आणि मला मांजरीला ने. तुझ्या आईला भेटायचंय."

"पावसाळ्यापर्यंत कशाला? आज चल. आई घरीच हाय."

"अशी?" मी खाली उतरले होते. गुडघ्यापर्यंत चिखल.

"शेतकऱ्याच्या घरी चिखलाचं कुणाला काय?" त्यानं हात पुढे केला.

बोट ढकलून बाहेर काढली, आणि तशीच, चिखलासकट, मी मांजरीला गेले.